पहिली नजर

लामू बेटावर मोटारी नाहीत.
दोन लादलेली गाढवं समोरासमोर आली
तर एकाला मागे सरावं लागतं, एवढ्याच आमच्या गल्ल्या.
पोर हरवलं तर अंधार पडायच्या आत
कुणीतरी कान धरून घरी आणून सोडतं.
म्हणून आम्ही बापलोक निवांत.

माझं दुकान मच्छीबाजाराच्या अलीकडे.
मी फोन दुरुस्त करतो :
खाऱ्या हवेनं गंजलेले, होडीतून पडलेले,
दोन रात्री तांदळात झोपवूनही न उठलेले.
उठला की तपासावा लागतो,
तपासताना दिसतंच काहीबाही.
पहिल्या सफेत नमाजाला उभे राहणारे
खिशात काय काय घेऊन फिरतात,
मी कुणाला सांगत नाही.
फोन पालथा ठेवतो. पैसे मोजून घेतो.

शेकुवेचा फोन मीच बनवला,
तीन मेलेल्यांचे अवयव जोडून.
म्वानाइदी म्हणाली, आधी कुलूप लाव.
लावलं. माझ्यासारखं कुलूप
या किनाऱ्यावर कुणाला जमत नाही.
आठ आकडे,
त्यातले चार माझी आई गेली ते साल.

त्याला दिसलं ते दुसऱ्याच फोनवर.
चुलतभावाच्या. गच्चीत, असरनंतर,
वाळत घातलेल्या माशांवरचे कावळे हाकलताना.
"हे बघ," एवढंच म्हणाला म्हणे तो.

मला नऊ दिवस पत्ता नाही.
दिवा मालवू देत नव्हता.
धक्क्यावरून उडी मारणारं पोर
पाण्याकडे पाठ करून बसत होतं.
आईनं जवळ घेतलं की लाकूड व्हायचं.
मी म्हटलं, जंत झाले असतील.

दहाव्या रात्री वीज गेली.
अंधारात आवाज आला,
"बाबा, म्वालिमू म्हणतात,
चुकून पडलेली पहिली नजर माफ असते,
दुसरी आपल्या नावावर."
"खरंय."
"आणि पहिलीच संपत नसेल तर?
डोळे मिटले तरी चालूच असेल तर?"

सव्वीस पेचकस आहेत माझ्याकडे.
कुठल्या फोनातून काय पुसायचं,
पुसलेलं परत कसं आणायचं, दोन्ही येतं.
आणि हा मुलगा उघडा पडला होता माझ्यासमोर
आणि माझे हात रिकामे.

नजर खाली ठेवा,
हे आधी पुरुषांना सांगितलंय, बायकांना मागाहून.
पाठ आहे मला. सुरात म्हणतो मी ती आयत.
पण फोन पालथा ठेवायला
मीही कधी कधी उशीर केलाय.
ते त्याला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का,
अजून ठरत नाही.
एवढंच म्हटलं, "तुझा गुन्हा नाही.
उठ. फजरला वेळ आहे, तरी वुजू करू."

आमच्या घरातला हौद जुना, पोवळ्याच्या दगडाचा.
त्यात दोन मासे असतात, पिढ्यान्‌पिढ्या,
डासांच्या अळ्या खायला.
झाकण कितीही घट्ट बसवा, अळ्या होतातच.
मेणबत्तीच्या उजेडात त्यानं हात धुतले,
चूळ भरली, चेहऱ्यावर तीनदा पाणी मारलं,
मग चौथ्यांदा, पाचव्यांदा.
मी थांबवलं नाही.
पापण्यांवरून थेंब गळत असताना त्यानं विचारलं,
"हे मासे झोपतात कधी?"
"ठाऊक नाही. मी कधी जागून पाहिलं नाही."
"आज पाहू या?"
पाहिलं. तो तिथंच काठावर पेंगला,
डोकं माझ्या दंडावर, थोडंसं लाकूड अजून.

सकाळी भावाच्या घरी निघालो.
शिव्या रांगेनं उभ्या होत्या जिभेवर,
अख्खी गल्ली ऐकेल अशा.
माडीवर गेलो.
तेरा वर्षांचं पोर,
भिंतीकडे तोंड करून पडलेलं.
बाहेर ऊन मावत नव्हतं,
आणि त्याच्या खोलीत दिवा चालू.

मी चपला उंबऱ्याशी काढल्या
आणि आत जाऊन बसलो.